सातवी दोरी

रथाच्या पोटात भरदिवसा रात्र असते.
लाखेचा वास, कापराचा, आठ माणसांच्या घामाचा,
आणि फळीच्या पलीकडे
आम्ही कधीच न पाहिलेला उत्सव.

छत्तीस दोऱ्या. माझी सातवी.
सातवी म्हणजे बाहुल्याचं डावं मनगट,
तेवढंच.
उजवा हात इसोबेकडे, मान गेन्पाचीकडे,
पायांवर तिघे भाऊ, शेताच्या बांधावरून अबोला धरलेले.
वर्षातले दोन दिवस ते
गुडघे आणि घोटे हलवून एकमेकांशी बोलायचे.

एकतीस शरद मी ते मनगट वळवलं.
बाहुला एका झोपाळ्यावरून दुसऱ्यावर झेप घेतो.
तिसऱ्या झेपेला श्वास रोखायचा,
ढोल दोनदा, बासरी एकदा,
मग तांदळाच्या दाण्याएवढी ओढ.
गेन्पाची म्हणायचा, ओढू नकोस रे,
नुसती आठवण करून दे त्याला.

मग बाहेरून ‘आहा’ यायचं,
पाण्याखाली ऐकू यावं तसं, जाड, उशिरा.
त्यातलं थोडं मी घरी न्यायचो.

यंदा हात थरथरू लागला.
आधी वस्तरा ठेवला.
ओकिमोतोच्या हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला,
तो म्हणाला, डास असेल.
दाराबाहेर गुडघाभर बर्फ होतं.
मग दोरी ठेवली.

सभा भरली. पोरं सगळी नागोयाला.
उरली चिगुसा, पोस्टात बसते ती.
‘रथात बाईमाणूस?’ असं कोणी विचारलं नाही;
विचारणारे दोघे मागच्या हिवाळ्यातच गेले.
उन्हाळाभर कोठारात मी तिच्या बोटावर बोट ठेवून
दाणा शिकवला.
माझं बोट थरथरायचं, तिला वाटायचं
तेही शिकायचंच आहे.

आज मी रस्त्यावर.
सकाळी डोंगरावर ढग होता, अख्खा गाव माना वर करून.
थेंब पडला तर रथ कोठाराबाहेर येत नाही.
पडला नाही.

चाकं कुरकुरत आली.
आपण इतके उंच होतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
तीन मजले, सोनं, लाल पडदे,
आणि पुलापाशी, जिथे आत आम्ही नुसते कलंडायचो,
तिथे चौघांनी तरफा घातल्या, खांदे दिले,
अंथरुणातल्या आजाऱ्याला कुशीवर वळवावं
तसं ते सगळं सावकाश वळवलं.

बाहुला निघाला. मोबाईल उंचावले.
मी डोळ्यांत तेल घालून.
पहिली झेप. दुसरी.
ढोल, ढोल, बासरी,
माझं बोट खिशातल्या खिशात हललं,

आणि वर बाही होती.
जरीची, गुडघ्यापर्यंत लोंबणारी.
डावा हात दिसतच नाही.
मी एका बाईच्या छत्रीआडून पाहिलं,
मिठाईच्या दुकानाच्या पायरीवरून पाहिलं.
नाही.
लोक ‘आहा’ म्हणाले ते पंख्याला,
पंखा उजव्या हातात.

मला हसू फुटलं, मोठ्याने,
पाकातलं सफरचंद खाणारं पोर दचकलं.
मग आठवलं, माझ्याआधी सातवी
गेन्पाचीकडे होती,
आणि एका वर्षी पाय मोडला म्हणून
तोही इथेच कुठेतरी कुबडी घेऊन उभा होता.
त्या संध्याकाळी मला काय म्हणाला होता?
घाई करतोस, म्हणाला होता. जरा घाई करतोस.

कंदील लागले तेव्हा चिगुसा बाहेर आली.
केस कपाळाला चिकटलेले,
तर्जनीवर दोरीचा लाल वळ.
‘कसं दिसलं?’

‘तिसऱ्या झेपेला,’ मी म्हणालो,
‘अर्धा दाणा उशीर.’

तिने मान डोलावली,
वळावर फुंकर घातली,
आणि तिथेच, नूडल्सच्या रांगेत उभी राहून,
हवेत मनगट वळवून पाहिलं.
एकदा. पुन्हा एकदा, जरा लवकर.